शालेय गार्डची पारख नुसत्या गुणांवर नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतील शालेय बास्केटबॉलविषयी नुकताच आलेला लेख मी आवडीने वाचला. इतक्या दूरच्या खेळाला मराठी वृत्तपत्राने अर्धे पान दिले याचा आनंद आहेच. मात्र ज्या एका विधानावर तो लेख उभा आहे ते मला मान्य नाही, म्हणून हे पत्र. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी सामन्यामागे पंचवीस गुण करणारा गार्ड कॉलेजच्या खेळासाठी तयार झालेलाच असतो, असे लेखकाने गृहीत धरले आहे. मी गेली नऊ वर्षे इथे अमेरिकेतल्याच एका सरकारी हायस्कूलच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून टेबलावर बसतो. पंचवीस गुणांची पाने माझ्या वह्यांत पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक मुले कॉलेजच्या संघापर्यंत पोचली नाहीत, आणि जी पोचली त्यांतल्या काहींचे पहिले वर्ष बाकावर बसण्यातच गेले.

गार्ड म्हटले की आपल्याकडे आधी रेल्वेचा गार्ड डोळ्यांपुढे येतो. तो शेवटच्या डब्यात असतो. बास्केटबॉलमधला गार्ड, त्यातही पॉइंट गार्ड, इंजिनात बसलेला असतो. चेंडू पुढे आणायचा, कोणती चाल खेळायची ते साथीदारांना सांगायचे, घड्याळावर नजर ठेवायची, स्वतः बास्केटकडे केव्हा घुसायचे आणि चेंडू केव्हा सोडायचा हे ठरवायचे, ही सगळी कामे त्याची. पावणेसात फुटी सेंटर (बास्केटपाशी खेळणारा उंच खेळाडू) मिळाला तर कॉलेजचा प्रशिक्षक त्याच्यासाठी वर्ष-दोन वर्षे थांबतो, कारण उंची शिकवता येत नाही आणि बाकीचे शिकवता येते, असा या खेळातला जुना हिशेब आहे. गार्डला ती सवलत नाही. सहा-सव्वासहा फुटांची चपळ मुले दर वर्षी शेकड्यांनी मिळतात, त्यामुळे त्यांच्यातली निवड होते ती डोक्यावर, म्हणजे दबावाखाली घेतलेल्या निर्णयांवर.

शाळेचा आणि कॉलेजचा खेळ नावाने एक असला तरी मोजमापाने एक नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. बहुतेक राज्यांत हायस्कूलचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे ३२ मिनिटांचा असतो; कॉलेजचा ४० मिनिटांचा. शाळेचे कोर्ट ८४ फूट लांब, कॉलेजचे ९४ फूट. तीन गुणांची रेषा, जिच्यामागून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात, शाळेत बास्केटपासून १९ फूट ९ इंचांवर आहे. कॉलेजात ती २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, पुरुषांच्या पहिल्या (कॉलेज संघांच्या तीन श्रेणींतल्या सर्वांत वरच्या) श्रेणीत २०१९-२० पासून आणि महिलांच्या खेळात २०२१-२२ पासून. कागदावर हा फरक सव्वादोन फुटांहून थोडा जास्त दिसतो, पण सतरा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला तो कळतो. शाळेतल्या रेषेवरून सहज पडणारा चेंडू मागच्या रेषेवरून फेकताना तो नकळत खांद्याचा जोर लावू लागतो, चेंडूची कमान चपटी होते आणि रिमच्या पुढच्या कडेवर आपटून चेंडू परत येतो. म्हणून शाळेच्या सामन्यातही जो मुलगा रेषेला पाय चिकटवून नव्हे, तर तिच्यामागे दोन-अडीच फुटांवरून त्याच लयीत फेकतो, त्याच्या नावापुढे मी खूण करतो, मग तो चेंडू पडो वा न पडो.

घड्याळाचा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात २०१५-१६ पासून ३० सेकंदांचे शॉट क्लॉक आहे, म्हणजे चेंडू मिळाल्यावर तेवढ्या वेळात फेक घ्यावीच लागते. हायस्कूलच्या राष्ट्रीय महासंघाने २०२२-२३ पासून राज्यांना ३५ सेकंदांचे घड्याळ लावण्याची मुभा दिली, पण ते सर्व राज्यांनी स्वीकारलेले नाही. जिथे ते नाही तिथे आघाडीवरच्या संघाचा गार्ड, बचावपटू जवळ येत नाही तोवर, मिनिटभर चेंडू आपटत उभा राहिला तरी नियमाने त्याला कोणी काही म्हणत नाही. कॉलेजात चेंडू अर्ध्या रेषेपार आणण्यात सात-आठ सेकंद जातात, पहिली आखलेली चाल बचावाने मोडली की घड्याळात बारा-तेरा उरतात, आणि दुसरीही फसली तर उरलेल्या सात-आठ सेकंदांत काहीतरी उभे करण्याची जबाबदारी गार्डवर येते. या सात-आठ सेकंदांची सवय ज्याला शाळेत लागलेलीच नाही त्याच्या पंचवीस गुणांचे मोल तितकेच कमी होते.

दोन हिवाळ्यांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. आमच्या शाळेच्या गार्डने मंगळवारी एका कच्च्या संघाविरुद्ध ३१ गुण केले होते आणि शुक्रवारी गाठ पडली ती पूर्ण कोर्टभर प्रेस लावणाऱ्या, म्हणजे चेंडू खेळात येताच अंगावर येऊन बचाव करणाऱ्या, संघाशी. चेंडू त्याने नेहमीप्रमाणे उजव्या हाताने, उजव्या कडेने आणला. अर्ध्या रेषेपुढे पाऊल पडताच दोन बचावपटू त्याच्यावर चालून आले. एका बाजूला कोर्टाची कड, मागे मधली रेषा, जी एकदा ओलांडल्यावर चेंडू घेऊन परत जाता येत नाही, आणि समोर चार हात. त्याने ड्रिबल थांबवले, चेंडू डोक्यावर धरला, पाठ फिरवली आणि हवेत तरंगणारा लांब पास टाकला. तो अर्थातच हिसकावला गेला. पहिल्या सत्रात हे जसेच्या तसे तीनदा झाले. समोरच्या संघाचा गार्ड आमच्या मुलापेक्षा बुटका आणि धावण्यातही सावकाश होता. आम्ही त्याच्यावर तसाच दोघांचा ट्रॅप लावला तेव्हा तो रेषेच्या एक पाऊल आधी थबकला, चेंडू डाव्या हातात घेतला, मान वर करून मधल्या मोकळ्या माणसाकडे पाहिले आणि दुसरा बचावपटू पोचण्याच्या अर्धा सेकंद आधी पास देऊन मोकळा झाला. माझ्या वहीत त्या रात्री आमच्या गार्डपुढे १९ गुण आणि ८ टर्नओव्हर (फेक न घेताच गमावलेले चेंडू), तर त्याच्यापुढे ९ गुण, ८ असिस्ट (साथीदाराला बास्केट करून देणारे पास) आणि १ टर्नओव्हर अशी नोंद आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. टेबलावरच्या अधिकृत पुस्तकात गुण, फाउल आणि टाइमआउट एवढेच लिहिले जाते. टर्नओव्हर मी माझ्या दुसऱ्या वहीत टिपतो. सामना संपल्यावर एका छोट्या कॉलेजचा सहायक प्रशिक्षक टेबलापाशी आला आणि ती दुसरी वही पाहू का म्हणाला. त्याने शेवटच्या सत्रातले टर्नओव्हर बोटाने मोजले, फ्री थ्रोचा (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकींचा) रकाना पाहिला आणि वही मिटून परत दिली. गुणांच्या रकान्यावर त्याची नजर गेलीच नाही. त्या दिवसापासून मीही सामना जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आकड्यांचे म्हणाल तर आकडे निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही; चुकीचा आकडा उचलला जातो एवढेच. समजा, एका मुलाने २४ फेकींत ९ बास्केट केल्या, त्यांत दोन तीन गुणांच्या, आणि चार फ्री थ्रो जोडून २४ गुण मिळवले. दुसऱ्याने १० फेकींत ६ केल्या, त्यांतही दोन तीन गुणांच्या, आणि एका फ्री थ्रोसह १५ गुण केले. बातमीत पहिल्याचे नाव येते. तीन गुणांच्या बास्केटला दीडपट धरून काढलेली फेकीची परिणामकारकता पहिल्याची ४२ टक्क्यांच्या आत आणि दुसऱ्याची ७० टक्के भरते. पहिल्याने संघाच्या पंधरा संधी वाया घालवल्या. शाळेत हे चालून जाते, कारण तिथे त्याच्यापेक्षा बरा पर्याय नसतो. कॉलेजात त्याच्याभोवतीचे चौघेही आपापल्या शाळेचे पंचवीस गुणवाले असतात. असिस्ट टर्नओव्हरच्या दुपटीच्या पुढे असले तर गार्डला चेंडू सांभाळता येतो असे साधारण मानतात, पण तेही प्रतिस्पर्धी कोण होता हे पाहूनच वाचायचे. फ्री थ्रोची टक्केवारी मात्र मी सहसा दुर्लक्षित होऊ देत नाही. तिथे ना बचावपटू असतो ना साथीदाराची कृपा. शाळेतल्या तीन गुणांच्या फेकी संख्येने थोड्या असतात आणि एखादा आठवडा चांगला गेला की टक्केवारी फुगते. त्यामानाने हात किती सरळ आहे हे फ्री थ्रो अधिक प्रामाणिकपणे सांगतो.

बचावाबद्दल आपल्या लेखात एकही वाक्य नव्हते, आणि तीच त्याची मोठी उणीव आहे. शाळेत सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलाला फाउल होऊ नयेत म्हणून प्रशिक्षक त्याला प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत कमकुवत खेळाडूवर उभा करतात, किंवा सगळ्या संघाला झोनमध्ये, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावात, खेळवून त्याला लपवतात. चार वर्षे असा झाकला गेलेला मुलगा कॉलेजात पोचतो तेव्हा पहिल्याच सरावात त्याच्यावर पिक अँड रोल (चेंडूवाल्यासाठी बचावपटूची वाट अडवून मग बास्केटकडे वळण्याची चाल) खेळला जातो, आणि तोही पुन्हा पुन्हा. सव्वादोनशे पौंडांचा गडी स्क्रीन लावून, म्हणजे वाटेत आडवा, उभा आहे. त्याच्या वरून जायचे की खालून, खांदा कसा बारीक करून निसटायचे, मागच्या साथीदाराचा आवाज ऐकून केव्हा माणूस बदलायचा, हे क्षणात ठरवावे लागते. म्हणून एखाद्या गार्डची तयारी पाहायची असेल तर सामन्यातली पाच मिनिटे चेंडूकडे न बघता फक्त त्याच्या पायांकडे बघावे. समोरचा बाजूला सरकला की याची पावले सरकतात की हात पुढे येतात? हात आधी येणारा मुलगा कॉलेजात पहिल्या दहा मिनिटांत दोन फाउल करून बाकावर जातो. स्वतःचा शॉट चुकल्यावर तो मागे धावतो की पंचांकडे पाहत हात पसरतो, हेही मी टिपून ठेवतो, आणि खरे सांगायचे तर नऊ वर्षांत मला सर्वांत कमी दगा या एका नोंदीने दिला आहे.

चेंडू हातात नसताना गार्ड काय करतो याचीही परीक्षा शाळेत होत नाही, कारण तिथे चेंडू सतत त्याच्याच हातात असतो. जेलन ब्रन्सन हा इलिनॉयमधला आपल्या वर्षीचा सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला होता. २०१५ मध्ये तो व्हिलानोव्हा विद्यापीठात गेला, तेव्हा तिथे रायन आर्चिडियाकोनो हा शेवटच्या वर्षाचा गार्ड आधीच होता. ब्रन्सनने पहिल्या मोसमात दहाच्या आतल्या सरासरीवर समाधान मानले, कोपऱ्यात उभे राहून फेकणे आणि दुसऱ्याला जागा करून देणे हे काम पत्करले, आणि त्या मोसमात, २०१६ मध्ये, संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१८ मध्ये दुसरे विजेतेपद आले तेव्हा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तो होता. गुण खाली आले म्हणून तो तयार नव्हता असे कोणी म्हणेल काय?

उलट बाजूही आहे. पुढे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये (एनबीए) नाव कमावलेला स्टीफन करी शार्लटच्या शाळेतून निघाला तेव्हा अंगाने इतका किरकोळ होता की मोठ्या कॉलेजांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही, आणि तो २००६ मध्ये डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात गेला. ईस्टर्न मिशिगनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने १३ टर्नओव्हर केले. त्या रात्री कोणी त्याच्या तयारीचा निकाल लिहिला असता तर तो नापासाचाच झाला असता. प्रशिक्षक बॉब मॅककिलप यांनी त्याला पुढच्या सामन्यातही खेळवले आणि त्याने मिशिगनविरुद्ध ३२ गुण केले. दोन वर्षांत डेव्हिडसन राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोचले आणि कॅन्ससकडून ५९-५७ असे निसटते हरले. मला यातून अंगकाठीकडे दुर्लक्ष करावे असे सुचवायचे नाही. बावीस वर्षांच्या पुरुषाचा धक्का अठरा वर्षांच्या मुलाला सोसतोच असे नाही. पण एका वाईट रात्रीनंतर मुलगा दुसऱ्या सामन्यात काय बदल करून येतो हे पाहिल्याखेरीज पारख पुरी होत नाही. आमच्या त्या ८ टर्नओव्हरवाल्या मुलाला मी यासाठीच आणखी दोन महिने पाहिले. तो पुढच्या आठवड्यापासून रोज सरावाआधी डाव्या हाताने चेंडू आणू लागला, आणि मोसमाच्या शेवटी त्याच प्रेस लावणाऱ्या संघाविरुद्ध त्याचे टर्नओव्हर तीनवर आले. गुण त्या दिवशी फक्त १२ होते, त्यामुळे बातमीत त्याचे नाव नव्हते.

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास ही आणखी एक गोष्ट. ट्रे यंग या गार्डने ओक्लाहोमा विद्यापीठाकडून पहिल्याच वर्षी, २०१७-१८ मध्ये, गुण आणि असिस्ट या दोन्हींत देशात पहिला क्रमांक मिळवला, जे त्याआधी कोणी केले नव्हते. तरीही १४-२ (१४ विजय, २ पराभव) असा झोकात निघालेला त्याचा संघ मोसमाअखेर १८-१४ वर घसरला. प्रतिस्पर्ध्यांनी चित्रफिती पाहून त्याच्या आवडीच्या वाटा हेरल्या, दोघे-दोघे अंगावर घातले आणि बाकीच्या चौघांना फेकायला भाग पाडले. शाळेत तुमच्या डाव्या हाताची उणीव कोणी इतक्या चिकाटीने शोधत नाही. कॉलेजात तिसऱ्या सामन्यापर्यंत ती सर्वांना पाठ असते.

आता ज्या बदलाचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता त्याकडे वळतो. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) सुरू झाले, २०२१ मध्ये खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मोकळीक मिळाली आणि २०२४ मध्ये एकदाच ही अटही गेली. खेळाडूंना आपल्या नाव आणि प्रतिमेचे, म्हणजे जाहिराती वगैरेंचे, पैसे घेण्यास २०२१ च्या जुलैपासून परवानगी होतीच. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने कॉलेजांना थेट खेळाडूंना पैसे देता येऊ लागले आणि त्यात सामील झालेल्या कॉलेजांच्या संघावर १५ जणांची मर्यादा आली. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ असले तरी शाळेतून येणाऱ्या गार्डची जागा त्यामुळे आकुंचली आहे. ज्या प्रशिक्षकाची नोकरी याच मोसमाच्या निकालावर टांगलेली आहे तो अठरा वर्षांच्या होतकरू मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजात शंभर सामने खेळलेला बावीस वर्षांचा गार्ड घेतो, आणि त्याच्या जागी आपणही तेच केले असते. पूर्वी ‘हा मुलगा दोन वर्षांत तयार होईल’ एवढे पुरत असे. आता त्याची तुलना वर्गमित्रांशी होत नाही, त्या बावीस वर्षांच्या गार्डशी होते.

म्हणूनच ‘कॉलेजसाठी तयार’ हा शब्दप्रयोगच मला अपुरा वाटतो. कोणत्या कॉलेजसाठी, कोणत्या कामासाठी, आणि पहिल्या वर्षी की तिसऱ्या? दुसऱ्या श्रेणीत ज्याला पहिल्या दिवसापासून तीस मिनिटे मिळतील तो पहिल्या श्रेणीच्या मोठ्या कॉलेजात तीन वर्षे टाळ्या वाजवत बसू शकतो. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण खेळायला मिळते. दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे आहेत (आपल्याकडच्या अकरावी-बारावीची नव्हेत, हायस्कूलनंतरची), शाळेनंतर एक वर्ष प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे कॉलेजपूर्व तयारीच्या शाळेत, काढण्याची सोय आहे. पुढे एनबीएत गाजलेला जा मोरँट हा गार्ड २०१६ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका शिबिरात मुख्य कोर्टावर नव्हे, तर बाजूच्या जिममध्ये खेळत होता; दुसऱ्याच मुलाला पाहायला आलेल्या मरी स्टेट विद्यापीठाच्या सहायक प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर पडली. मरी स्टेटमध्ये त्याला चेंडूही मिळाला आणि चुका करायला वेळही; दुसऱ्या वर्षी त्याची सरासरी २४.५ गुण आणि १० असिस्ट होती. तो थेट एखाद्या नामांकित कॉलेजात गेला असता तर काय झाले असते, हे ज्याने त्याने ठरवावे.

अभ्यासाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण नियम स्पष्ट आहे. पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी हायस्कूलमध्ये १६ मुख्य विषय पूर्ण व्हावे लागतात, त्यांतले १० शेवटचे वर्ष सुरू होण्याआधी, आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ ची सरासरी लागते. शेवटच्या वर्षी जागे झालेल्या पालकांना ते दहा विषय पुन्हा सुधारता येत नाहीत.

पालकांवरून आठवले. मोसम सुरू झाला की निवडक क्षणांच्या चित्रफिती बनवून देणारे आणि क्रमवारीत नाव चढवून देण्याचे आश्वासन देणारे लोक शाळेच्या वाहनतळावरच भेटतात. अशाच एकाने माझ्या परिचयाच्या कुटुंबाकडून बरीच रक्कम घेऊन मुलाची तीन मिनिटांची फीत बनवली. तीत सोळा बास्केट होत्या आणि चुकलेली फेक, हिसकावला गेलेला पास, बचाव यांपैकी काहीही नव्हते. ती ज्या प्रशिक्षकांना पाठवली त्यांतल्या एकाचेच उत्तर आले: एखाद्या हरलेल्या सामन्याचे न कापलेले पूर्ण चित्रण पाठवा. ते कोणी काढूनच ठेवले नव्हते.

आपल्या क्रीडा विभागाला विनंती एवढीच की अशा मुलांविषयी, आणि मुलींविषयीही, यापुढे लिहिताना गुणांच्या शेजारी निदान फेकींची संख्या, टर्नओव्हर आणि सामना कोणाशी होता हे छापावे. जागा फार लागणार नाही. माझ्या वहीत ते एका ओळीत मावते.

आपला नम्र,
एक नियमित वाचक